क्लाऊड गेमिंगचं महिन्याचं भाडं की गेम विकत? खानदेशातल्या घरासाठी हिशेब

परीक्षा संपल्या की जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांत एक विषय निघतो: गेमिंग लॅपटॉप. बऱ्या ग्राफिक्स कार्डाचा घ्यायचा तर सत्तर-ऐंशी हजार कुठे गेले नाहीत. बाप नाही म्हणतो. मग पोरगं दुसरा तोडगा काढतं: लॅपटॉप राहू द्या, महिन्याला सातशे रुपये भरा, गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालेल, आपल्या जुन्या लॅपटॉपवर फक्त चित्र येईल. ऐकायला स्वस्त वाटतं. पण ते स्वस्त आहे की नाही हे महिन्याच्या रकमेवरून ठरत नाही. महिन्यात तास किती खेळणार आणि घरात नेट कुठलं, यावरून ठरतं.

पहिला पर्याय मायक्रोसॉफ्टच्या गेम पासचा. त्यांचं क्लाऊड गेमिंग भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या महिन्यात त्यांनी तीन योजना लावल्या: इसेन्शियल ४९९ रुपये, प्रीमियम ६९९ आणि अल्टिमेट १,३८९. इसेन्शियलमध्ये पन्नासच्या वर गेम, प्रीमियममध्ये दोनशेच्या वर, अल्टिमेटमध्ये चारशेच्या वर. क्लाऊडवर खेळण्याची सोय तिन्हींत आहे. चारशे गेम हा आकडा बघून भुलू नका. आठवड्याला पाच-सहा तास मिळणारा मुलगा वर्षभरात दहासुद्धा धड संपवत नाही. अल्टिमेट घेण्याचं खरं कारण एकच, मोठे नवे गेम आल्या दिवशी हवेत हे. ते वेड नसेल तर त्याच्याकडे बघायचीही गरज नाही.

प्रीमियमचा हिशेब करू. महिन्याला दहा तास खेळलं तर तासाला सत्तर रुपये पडतात, चाळीस तास खेळलं तर साडेसतरा. वर्षभर चालू ठेवलं तर ८,३८८ रुपये, आणि शेवटी हातात एकही गेम नाही. यादीतले गेम अधूनमधून काढलेही जातात, त्यामुळे अर्धवट राहिलेला गेम एके दिवशी गायब होऊ शकतो.

आणि हे भाडं स्थिर राहील असंही नाही. अल्टिमेट भारतात ८२९ वरून एका उडीत १,३८९ वर गेलं. अमेरिकेत २०१९ मध्ये ते १४.९९ डॉलर होतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये २९.९९ झालं. सिनेमा एकदा सर्व्हरवर ठेवला की तीच फाईल हजारोंना पाठवता येते. गेममध्ये मात्र प्रत्येक खेळणाऱ्यामागे तिकडे एक यंत्र अडकून पडतं. ठरावीक रकमेत मनसोक्त खेळा म्हणणं कंपनीला म्हणूनच जड जातं.

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या जिफोर्स नाऊ या सेवेने याच अडचणीवर वेगळा मार्ग काढला. तिथे दळण तुमचं, गिरणी त्यांची: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकत घेतलेला गेम तुम्ही आणायचा, चालवायचं यंत्र त्यांचं. अमेरिकेत ९.९९ आणि १९.९९ डॉलर असे दोन दर आहेत आणि महिन्याला शंभर तासांची मर्यादा. शंभर तास म्हणजे रोज तीन तासांहून जास्त, तेव्हा घरच्यांना ही मर्यादा वरदानच वाटेल. भारतात येणार असल्याची घोषणा कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये केली होती. ज्याच्याकडे स्टीमवर आधीच पंधरा-वीस गेम पडून आहेत, पण लॅपटॉप ते ओढत नाही, त्याच्यासाठीच हा पर्याय. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला दोन्हीकडे पैसे मोजावे लागतील.

सोनीचा पर्याय लवकर बाजूला ठेवता येतो. प्लेस्टेशन प्लसच्या भारतातल्या सर्वांत वरच्या योजनेचं नाव डिलक्स, आणि परदेशातल्या प्रीमियममध्ये असलेलं क्लाऊड स्ट्रीमिंग तिच्यात नाही. जिओ आणि व्हीआयच्या योजना स्वस्त आहेत. व्हीआयने २०२४ मध्ये क्लाऊड प्ले सुरू केलं ते पोस्टपेडला शंभर रुपये महिना. त्यांतले बरेच गेम फोनवर वेळ घालवण्याचे. जिओचे थोड्या दिवसांचे पास मात्र आपलं नेट हे सगळं झेपतं का, हे पाहायला बरे.

आता नेट. २५ एमबीपीएसने चित्र येत असेल तर तासाला साधारण ११ जीबी डेटा जातो. दहा एमबीपीएसने सुद्धा साडेचार. रावेर-यावलकडच्या गावात फोनच्या हॉटस्पॉटवर, रोज दोन जीबीच्या पॅकमध्ये कुणी खेळायला बसला तर अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. त्या घरासाठी ६९९ रुपये म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे. एअरफायबर, म्हणजे तारेविना येणारं घरचं नेट असेल तर महिन्याच्या एक हजार जीबीत ११ जीबीच्या दराने नव्वद तास बसतात, पण त्यात बाकी घरचं काहीच धरलेलं नाही. तारेचं फायबर असेल तर ३,३०० जीबीची मर्यादा सहसा आड येत नाही. तिथे वेग आडवा येतो. तीस एमबीपीएसच्या स्वस्त प्लॅनवर एकाने गेम लावला आणि हॉलमध्ये आयपीएल सुरू झाली की भांडण ठरलेलं.

मुंबईपासून लांब म्हणून लॅग येतो, म्हणजे बटण दाबल्यावर गेम उशिरा हलतो, असं बरेच जण म्हणतात. जळगाव-मुंबई सव्वाचारशे किलोमीटर. तेवढं अंतर फायबरमधून जाऊन परत यायला चार-पाच मिलिसेकंद पुरतात, आणि सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेमच सोळा मिलिसेकंदांची असते. खरा घोटाळा बहुधा घरातल्या वायफायचा असतो. राउटर पुढच्या खोलीत, पोरगा माडीवर, मध्ये दीड फुटाची जुनी भिंत. लॅनची तार ओढा, निम्मी तक्रार तिथेच संपेल.

उन्हाळ्यात मात्र क्लाऊडचं पारडं जड होतं. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो. क्लाऊडवर तापणारं यंत्र तिकडे, वातानुकूलित खोलीत. लाइट गेली तर राउटरला छोटा यूपीएस लावलेला असावा. लॅपटॉपची बॅटरी आहेच. नेटच गेलं तर मात्र गप्प बसायचं, तेव्हा डाऊनलोड केलेला गेमच कामाला येतो.

विकत घेण्याचं गणित सोपं आहे. पोरगं वर्षभर एकच फुटबॉल किंवा क्रिकेटचा गेम खेळत असेल आणि घरचा कॉम्प्युटर तो चालवत असेल, तर सेलमध्ये तो घ्या आणि मोकळे व्हा. बीजीएमआयवरच भागत असेल तर तो तसाही फुकट आहे. मात्र फक्त क्लाऊडवर चालणारा गेम पूर्ण किमतीला कधीच घेऊ नका. गुगलच्या स्टेडियावर लोकांनी तसे घेतले होते. १८ जानेवारी २०२३ ला ती सेवा बंद झाली. गुगलने पैसे परत केले म्हणून निभावलं. महिन्याच्या भाड्यात फार तर एक महिना बुडतो.

माझं मत: घरात फायबर असेल तर प्रीमियम घ्या, पण मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी एवढ्यापुरतंच. सुट्टीचे दोन आणि दिवाळीचा एक धरला तर तीन महिन्यांचे २,०९७ रुपये होतात, आणि तेवढ्यात तीन-चार मोठे गेम आरामात संपतात. शेतात हात लावणाऱ्या पोराला कापूस वेचणीत तसाही वेळ नसतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. कंपनीचा नफा अशाच न खेळलेल्या महिन्यांत असतो, तो द्यायचं कारण नाही.

त्यासाठी ऑटोपेवर लक्ष हवं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना यायला हवी. पण ती ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्याच्या फोनवर येते, आणि वडील ती बँकेची जाहिरात समजून पुसून टाकतात. गेम पासमध्ये पुढचं बिलिंग बंद केलं तरी भरलेला महिना पूर्ण वापरता येतो, त्यामुळे पैसे भरले त्याच संध्याकाळी ते बंद करून टाका.