'कायमचं' बॅकअप लायसन्स वर्षात बंद: आमचे ₹४,६७,२८० गेले, तुमचे वाचवा

₹४,६७,२८०. अक्षरी रुपये चार लाख सदुसष्ट हजार दोनशे ऐंशी फक्त. त्यातलं लायसन्सचं ₹३,६०,०००, इन्स्टॉलेशन आणि वार्षिक देखभालीचं ₹३६,०००, आणि दोन्हींवर १८ टक्क्यांनी जीएसटी ₹७१,२८०. हा तपशील आता झोपेतून उठवलं तरी सांगता येतो, कारण इतक्या टेबलांवर तो लिहून दिलाय. एकाही टेबलावर त्याचा उपयोग झालेला नाही.

आमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत, प्रेस पार्ट्सचा. मी मुळात हिशेबाचा माणूस. कॉम्प्युटरचं खातंही माझ्याकडे आलं, कारण छोट्या कारखान्यात ज्याला पासवर्ड आठवतात तो आयटी मॅनेजर. तीन सर्व्हर, प्रत्येकात दोन प्रोसेसर, त्यांवर चौदा व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरच्या पोटात चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर) आणि बाजूला हजेरीचा एक जुना वेगळा सर्व्हर. टॅली, ईआरपी, डायची सगळी ड्रॉइंग्ज त्यात. चाकणच्या एका ग्राहकाच्या ऑडिटरने शेरा मारला की बॅकअप एक्स्टर्नल हार्डडिस्कवर चालणार नाही, रीतसर सॉफ्टवेअर हवं आणि एक प्रत अशी हवी की रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तरी पुसता येणार नाही. मागणी रास्त होती, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार इथून सुरू होते. या सॉफ्टवेअरची किंमत काय, हे सरळ कोणी सांगतच नाही. वेबसाइटवर 'आमच्याशी संपर्क साधा'. एक कंपनी प्रोसेसर बसतो त्या खाचेवर, म्हणजे सॉकेटवर पैसे घेते, दुसरी मशीन मोजते, तिसरी टेराबाइटवर. तिसरीत पुन्हा मेख अशी की टेराबाइट मोजायचे ते मूळ डेटाचे, दाबून लहान झालेल्या बॅकअपचे नाहीत. सेल्सवाला सांगतो, 'साहेब, आमचा डेटा दहापट लहान होतो', आणि लायसन्स मात्र न दाबलेल्या आकड्यावर लागतं. शिवाय डील रजिस्ट्रेशन नावाचा प्रकार. ज्या डीलरने तुमचं नाव कंपनीकडे आधी नोंदवलं त्याला खास सवलत मिळते, बाकीच्यांना मिळत नाही. म्हणजे एकच माल, एकच गिऱ्हाईक, आणि तीन कोटेशनं तीन आकड्यांची, सगळी खरी. मला कुणी आता 'एवढं स्वस्त मिळतंय तर संशय आला नाही का' असं विचारलं की तिडीक उठते. अहो, जिथे खरा भावच लपवून ठेवलाय तिथे स्वस्त कशावरून ओळखायचं?

अधिकृत पार्टनरचं कोटेशन होतं पंधरा मशीनचं, तीन वर्षांचं सबस्क्रिप्शन: ₹५,८५,००० अधिक जीएसटी, एकूण ₹६,९०,३००. तीन वर्षांनी पुन्हा तितकेच, किंवा जास्त. मालक म्हणाले, 'दर तीन वर्षांनी भाडं भरायचं? मशीन विकत घेतो तसं हे विकत मिळत नाही का?'

तेवढ्यात हा गृहस्थ आला. आमच्या यूपीएसवाल्याच्या ओळखीने. पेठेत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, काचेच्या दारावर मोठमोठ्या कंपन्यांचे पार्टनर स्टिकर, बोलणं एकदम मऊ. (स्टिकर छापायला किती लागतात हे मी नंतर विचारून आलो.) तो म्हणाला, 'ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरचं काय केलं बघितलंत ना?' बघितलं होतं, चांगलंच भोगलं होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमची लायसन्सं विकणंच बंद केलं. सगळं सबस्क्रिप्शनवर, तेही कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) मोजून, एका प्रोसेसरमागे किमान सोळा कोअर धरून. आमच्या प्रोसेसरमध्ये दहाच कोअर, पैसे सोळाचे. त्याचं पुढचं वाक्य: 'बॅकअपवालेही त्याच वाटेने चाललेत. माझ्याकडे जुन्या स्कीममधली सॉकेटची कायमची लायसन्सं शिल्लक आहेत, मार्चअखेर क्लोज करायची आहेत. सहा सॉकेट, प्रत्येकी साठ हजार.'

धडधडीत खऱ्या बातमीला त्याने आपला खोटा डबा जोडला होता. आणि सॉकेटवर कायमची लायसन्सं खरोखर विकली जायची, हे मी स्वतः तपासलं होतं. कोटेशनवर, परचेस ऑर्डरवर आणि बिलावर, तिन्हीकडे 'परपेच्युअल' लिहून घेतलं. याहून जास्त कागद कोण करतं ते मला सांगा. पैसे आरटीजीएसने, मार्च २०२४मध्ये, आगाऊ शंभर टक्के. आगाऊ का, तर 'कंपनी पैसे आल्याशिवाय लायसन्सची की देत नाही'. हे वाक्य कानावर आलं की उठून चहा प्या आणि निघा. लायसन्सची की सॉफ्टवेअर कंपनीकडून थेट तुमच्या कंपनीच्या ईमेलवर आल्याशिवाय चेक सोडू नका.

आता तो क्षण. तो माणूस समोर आला तर मी त्याला आधी या क्षणाबद्दलच विचारीन.

इन्स्टॉलेशन त्याच्या पोराने रिमोटवरून केलं. लायसन्सची फाइल त्यानेच आणली, त्यानेच घातली. शेवटी माहितीची खिडकी उघडली. त्यात तीन ओळी होत्या. प्रकार: एनएफआर. कोणाच्या नावे: एका अनोळखी ट्रेनिंगवाल्याचं नाव. मुदत: मार्च २०२५. तिन्ही ओळी माझ्या डोळ्यांसमोर, मोठ्या अक्षरांत. मी विचारलं नाही असं नाही! व्हॉट्सॲपवर विचारलं, 'हे नाव कुणाचं?' उत्तर आलं, 'डिस्ट्रिब्युटरचं मास्टर अकाउंट आहे साहेब, पोर्टलवर तुमच्या नावावर ट्रान्सफर व्हायला पंधरा दिवस लागतात.' तारीख? 'ती सपोर्टची तारीख आहे, लायसन्स कायमचंच.' आता बघा, कायमच्या लायसन्सला सपोर्टची वेगळी मुदत असते हे खरं आहे. सॉफ्टवेअर चालत राहतं, नवीन व्हर्जन आणि मदत तेवढी बंद होते. म्हणजे त्याचं उत्तर माहीतगार माणसालाही पटावं असंच होतं. आणि एनएफआर? त्याबद्दल तो म्हणाला, 'तो त्यांचा स्कीम कोड.'

एनएफआर म्हणजे नॉट फॉर रिसेल. कंपन्या ही लायसन्सं ट्रेनर, पार्टनर, प्रमाणपत्रधारक इंजिनिअर अशांना शिकायला आणि डेमोला देतात, बहुतेकदा फुकट आणि वर्षभराची. कारखान्याच्या कामाला वापरायला परवानगीच नाही. फुकटचं ते आम्हाला तीन लाख साठ हजारांना. तुमच्याकडे कुठलंही बॅकअप सॉफ्टवेअर असो, आज ती खिडकी उघडा आणि नाव, प्रकार, तारीख बघा. 'एनएफआर', 'इव्हॅल्युएशन', 'रेंटल' यांपैकी काही दिसलं तर डीलरला फोन करू नका, थेट कंपनीला लायसन्स क्रमांक पाठवून विचारा. डीलरला फोन केलात तर तो तुम्हाला पंधरा दिवस देईल.

आणखी एक खूण आमच्या सीएंना दिसली होती. हे बिल जीएसटीआर-२बी मध्ये (विक्रेत्यांनी नोंदवलेल्या आमच्या खरेदीच्या यादीत) आलंच नाही, त्यामुळे ₹७१,२८०चं क्रेडिट मिळालं नाही. डीलर म्हणाला, 'आम्ही तिमाही रिटर्नवाले.' तिमाही उलटली, बिल नाही. पुढे कळलं की त्याची नोंदणीच रद्द झालीय. नोंदणी चालू आहे का, रिटर्न भरतोय का, हे जीएसटी पोर्टलवर जीएसटी क्रमांक टाकून कोणालाही फुकट दिसतं. लाखाच्या वरचं कुठलंही बिल देण्याआधी बघा.

मार्च २०२५मध्ये एका सकाळी बॅकअपचे सगळे जॉब लाल. जुन्या बॅकअपमधून फाइल परत काढता येत होती, नवा बॅकअप घ्यायचा बंद. सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टला लिहिलं. आधी सपोर्ट आयडी मागितला, जो आमचा नव्हताच. नंतर कळवलं की हे लायसन्स विक्रीसाठी नाही. आणि मग, ऐका, एक अत्यंत सभ्य मेल आला की तुम्ही विनापरवाना वापर करत आहात, नियमानुसार खरेदी करून घ्या. म्हणजे चोर आम्ही! कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब वकिलांनी मला वाचून दाखवलं: बेकायदा प्रत 'जाणूनबुजून' वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद. हातात बिल आहे म्हणून जाणूनबुजून नाही, एवढंच समाधान. डीलरवर काय कारवाई केली विचारलं, तर 'अंतर्गत बाब आहे'. कोण अधिकृत आणि कोण नाही याची यादी त्यांच्या साइटवर असते, मान्य. पण यादीतल्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून कोणी बसला असेल तर ते त्यांनी बघायचं की मी?

पोलिस. आमचा कारखाना एका आयुक्तालयाच्या हद्दीत, डीलरचं ऑफिस दुसऱ्या. इथे सांगितलं तिथे जा, तिथे सांगितलं पैसे तुमच्या बँकेतून गेले, इथे जा. झीरो एफआयआरची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये आहे, हद्द कुठलीही असो नोंद घ्यायची. मी प्रिंट घेऊन गेलो. अंमलदार साहेबांनी ती वाचली, घडी घातली, परत दिली. 'बिल आहे, माल दिलाय, चाललाय वर्षभर. हे दिवाणी स्वरूपाचं आहे.' मग अर्जात कलम कुठलं यावर वाद. मी नव्या भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ लिहिलं होतं. अंमलदार म्हणाले, व्यवहार १ जुलै २०२४च्या, म्हणजे नवा कायदा लागू होण्याच्या आधीचा, म्हणून जुनं ४२० लागेल, अर्ज बदलून आणा. बरोबरच होतं त्यांचं. बदलून आणला, तर साहेब बंदोबस्ताला. आर्थिक गुन्ह्यांवाल्यांकडे गेलो, तिथे रक्कम लहान. आमच्यासाठी ती मशीनच्या ईएमआयचे पाच महिने आहेत, त्यांच्या हिशेबात लहान. सायबरवाले म्हणाले यात सायबर काय, तुम्ही ओळखीच्या माणसाला बिलावर पैसे दिलेत. १९३० हेल्पलाइनचा उपयोग पैसे ताजे गेले असतील तर खातं गोठवायला, आमचे जाऊन वर्ष झालेलं.

ग्राहक आयोग? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७): व्यापारी कारणासाठी घेतलं तर तुम्ही ग्राहक नाही. दिवाणी म्हणावं तर रक्कम तीन लाखांच्या वर, म्हणजे कमर्शिअल कोर्ट, आणि तिथे दाव्याआधी कलम १२अ खाली मध्यस्थी सक्तीची. मध्यस्थीला समोरचा यायला हवा ना! वकिलांची नोटीस 'लेफ्ट' असा शेरा मारून परत आली. वकिलांची पुढची फी साठ हजार. पोलिस म्हणतात कोर्टात जा, कोर्टात जायला पत्ता लागतो, पत्ता शोधायचा कुणी, तर पोलिसांनी.

मालक एकदाच बोलले. 'तुम्ही बघून घेतलं होतं ना?' हो, बघून घेतलं होतं. तीन कोटेशनं, पॅन, जीएसटी क्रमांक, बिल, परचेस ऑर्डर. ज्या यंत्रणेने हा क्रमांक त्याला दिला, ज्या कंपनीने ते लायसन्स वाटलं, त्यांनी काय बघितलं हे मला कोणी विचारून सांगा.

शेवटी अधिकृत पार्टनरकडून एक वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं: ₹२,०५,००० अधिक ₹३६,९०० जीएसटी, म्हणजे ₹२,४१,९००. या वेळी घेताना नूतनीकरणाचा भाव आत्ताच लेखी मागितला, निदान वाढीची कमाल टक्केवारी तरी. नाखुशीने दिली. पहिल्या वर्षी सवलत देऊन दुसऱ्या वर्षी पूर्ण भाव लावणं इथे सर्रास चालतं, आणि तोवर तुमचे सगळे बॅकअप त्यांच्याच फॉरमॅटमध्ये अडकलेले असतात. मशीन दहाच्या आत असतील तर विकत घेण्याआधी फुकट आवृत्ती मिळते का विचारा. काही कंपन्यांची मिळते, सेल्सवाला आपण होऊन सांगत नाही.

त्या गृहस्थाने मार्च २०२४मध्ये एकट्या आम्हालाच विकलं असेल यावर माझा विश्वास नाही. भोसरी, चाकण, रांजणगाव, हडपसर, कुठेही 'जुन्या स्कीममधली सॉकेट लायसन्सं, प्रत्येकी साठ हजार' अशी कोणी घेतली असतील तर खिडकीतलं नाव बघा, स्क्रीनशॉट काढा, आणि आपापल्या ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या, शिक्क्यासकट. साहेब मला म्हणाले होते, 'अजून दोन-चार तक्रारी आल्या तर बघू.' तर आणा दोन-चार.