किचन केलं, चौदा महिने वापरलं, आता लिहिते (स्टुडिओ, फरशी आणि रंगांचा घोळ)

आधीच सांगते, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. यात दोन दुकानं आहेत, एक मॉड्युलर किचनचा स्टुडिओ आणि एक फरशीचं दुकान, दोन्ही नाशिकमधली. नावं टाकत नाहीये, कारण स्टुडिओकडे माझं एक काम अजून अडकलेलं आहे, आणि फरशीवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "नको हो ताई, मग सगळेच सॅम्पल घरी न्यायला मागतील."

घर इंदिरानगरला, बावीस वर्षं जुनं, तिसरा मजला, लिफ्ट नाही (हे लक्षात ठेवा, पुढे याचेच पैसे गेलेत). किचन आठ बाय दहा, मागे चार बाय पाचची ड्राय बाल्कनी. बिल्डरची क्रीम रंगाची स्पार्टेक फरशी होती, तिचे चार-पाच तुकडे पोकळ होऊन पाय पडला की टक टक वाजायचे, ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि पुढे मी शिवलेला पडदा, त्या पडद्यामागे झुरळांचं सुखी कुटुंब. करायचं करायचं म्हणत सहा वर्षं गेली आणि मग एका दिवाळीच्या सफाईत माझं डोकं फिरलं.

स्टुडिओत गेलो तर थंडगार एसी, कॉफी, आणि एक गोड पोरगी टॅब घेऊन बसलेली. तिने अर्ध्या तासात आमचं किचन स्क्रीनवर उभं करून दाखवलं, खरं सांगते मी हरखलेच. वर पांढरं ग्लॉसी, खाली ग्रे, फरशी पण ग्रे, ओट्यावर एक लिंबांची वाटी आणि मागे खिडकीतून समुद्र. इंदिरानगरला समुद्र! आमच्या खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगचे ड्रेनेजचे पाइप दिसतात. घरी येऊन ते चित्र सासूबाईंना दाखवलं तर त्या चष्मा वर करून बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "चुलीतली राख काढून सगळीकडे फासलीये का गं?" झालं, ग्रे तिथेच बाद.

रंगांची नावं ऐकून पण मी थकले. कॅपुचिनो, शॅम्पेन, सेज, मिडनाइट अमुक आणि कॅशमिअर तमुक. आपल्याकडे शेवाळी, पारवा, बदामी, मोतिया, आमसुली असे सरळ शब्द आहेत, साडीवाला एक शब्द बोलला की डोळ्यासमोर रंग उभा राहतो, पण नाही, शेवाळी म्हटलं की ती पोरगी गोंधळायची आणि सेज म्हटलं की लगेच फोल्डर उघडायची.

साडीवरूनच मला अक्कल आली खरं तर. आपण हजार रुपयांची साडी घेताना सुद्धा ती दुकानाच्या दारात नेऊन उजेडात बघतो ना? आणि इथे तीन लाखांचं किचन मी पिवळ्या दिव्याखाली, काडेपेटीएवढ्या तुकड्यावर पास करायला निघाले होते. त्या स्टुडिओत सगळे दिवे वॉर्म, ३००० केल्विनवाले (केल्विन म्हणजे उजेड किती पिवळा की निळसर याचं माप, आकडा जितका मोठा तितका निळसर), त्यात बेज रंग असा दिसतो की खावासा वाटतो. आमच्याकडे किचनमध्ये साधी एलईडी पट्टी, ६५०० केल्विनची, निळसर पांढरा उजेड. मी हट्टाने पूर्ण ए-फोर आकाराचे चार तुकडे लॅमिनेटचे (शटरवर, म्हणजे कपाटांच्या दारांवर चिकटवतात तो रंगीत थर) घरी आणले (डिपॉझिट घेतलं त्यांनी, घेऊ देत) आणि रात्री आठ वाजता लावून बघितले तर तो खावासा वाटणारा बेज चक्क शिळ्या वरणासारखा दिसत होता.

आणखी एक गोष्ट कोणीच सांगत नाही. शटरचा तुकडा टेबलावर आडवा ठेवून बघायचाच नाही. शटर उभं असतं, उजेड वरून पडतो, शिवाय खालची शटरं ओट्याच्या सावलीत, त्यामुळे तोच रंग उभा धरला की दोन पायऱ्या गडद होतो. मी तुकडे सेलोटेपने जुन्या पडद्याच्या जागी उभे चिकटवले आणि चार दिवस तसेच ठेवले, सकाळी सहाला, दुपारी, रात्री, जाता येता बघत राहिले. नवरा म्हणाला, मुलगी बघताना पण एवढं बघितलं नव्हतं मी. म्हटलं तेच तर चुकलं तुझं. शेवटी खाली शेवाळी मॅट आणि वर मोतिया, असं ठरलं.

पण त्याआधी फरशी. स्टुडिओत सगळं उलटं चालतं, आधी शटरचा रंग, मग "फ्लोअर कुठलंही चालेल मॅम". कुठलंही कसं चालेल? शटर कंटाळा आला तर दहा वर्षांनी बदलता येतं, फरशी उखडायची म्हणजे पुन्हा अख्खा संसार उचलून हॉलमध्ये. आमच्याकडे तर फरशी हे बसायचं ठिकाण आहे. आई (म्हणजे सासूबाई) अजूनही विळी घेऊन खालीच बसतात, मेथी खालीच निवडतात, पापडाच्या दिवसात चार बायका खाली मांडी घालून. म्हणून मी अॅडव्हान्स द्यायच्या आधी फरशीच्या दुकानात गेले, मुंबई-आग्रा हायवेला लागून आहे ते.

तिथले काका मात्र माणूस. विचारलं, खाली बसता का? घरात म्हातारं माणूस आहे का? ड्राय बाल्कनीत उतार कुठल्या बाजूला? मग म्हणाले, चकचकीत बघूच नका, मॅट बघा, पण खरखरीत नको, त्याच्या खड्ड्यात मळ बसतो आणि पोछ्याचे धागे अडकतात. हाताने चोळून बघायला लावलं. आणि पूर्ण टाइल, दोन बाय दोनची, एक काळपट, एक पांढरी आणि एक वाळूच्या रंगाची बारीक ठिपक्यांची, अशा तीन रिक्षात घालून दिल्या.

घरी मी जो प्रयोग केला त्याबद्दल अजून घरात माझी टिंगल होते, तरी सांगते. तिन्ही टाइलवर चिमूटभर कणिक, थोडी मोहरी, एक केस, हळदीच्या तेलाचा थेंब आणि अर्धी वाटी पाणी. काळपटीवर कणिक अशी उठून दिसली की रांगोळीच, आणि पाणी वाळल्यावर पांढरे डाग राहिले, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला तर विचारूच नका. पांढरीवर केस आणि मोहरी. ठिपक्यांवर काहीच दिसेना, मी खूश, म्हटलं हीच. तर आई म्हणाल्या, "सांडलेलं दिसलंच नाही तर मी घसरून पडायची." त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. आणि खरंच, ठिपक्यांवर पाणी बिलकुल कळत नव्हतं. मला हे सुचलंच नव्हतं, मी आपली घाण लपेल का एवढंच बघत होते.

मग परत काकांकडे. त्यांनी त्याच वाळूच्या रंगात जवळजवळ सपाट, अगदी पुसट रेघांची काढून दिली, ६२ रुपये स्क्वेअर फूट, मोरबीचा माल. त्यावर पाणी सांडलं की तेवढा भाग गडद चमकतो, लगेच कळतं. मोहरी दिसते, पण ठीक आहे, उचलायची. आणि शटरखालची स्कर्टिंगची पट्टी मुद्दाम शेवाळीच ठेवली, फरशीच्या रंगाची नाही, कारण फरशी कुठे संपते आणि ट्रॉली कुठे सुरू होते हे आईंना दिसायला हवं. डिझायनर पोरीला ते "ब्रेक होतंय मॅम" वाटत होतं. होऊ दे ब्रेक, माझ्या सासूची करंगळी वाचतीये.

आता चुका. पहिली चूक माझी आणि मिस्त्रीची मिळून. ट्रॉलीखालची जागा सोडून मोजलं त्याने, सहा बॉक्स पुरतील म्हणाला (एका बॉक्समध्ये चार टाइल, साधारण साडेपंधरा स्क्वेअर फूट). मग ट्रॉलीवाले आले तर म्हणे खाली पण फरशी लागेल, कपाटांच्या बॉक्सचे पाय कशावर उभे करू? एक बॉक्स नंतर आणला, तोच कोड, तीच कंपनी, पण बॅच वेगळी, आणि रंग एका छटेने गुलाबीकडे. काकांनी आधीच बजावलं होतं की बॉक्सवरचा बॅच नंबर बघा, एकदाच सगळा माल उचला, दहा टक्के जास्तीचा धरा, उरला तर मी परत घेईन. मी मिस्त्रीचं ऐकलं. त्या गुलाबी टाइल आता फ्रिजखाली आणि ट्रॉलीखाली आहेत, एक मात्र दारापाशी आलीच, मला रोज दिसते, पाहुण्यांना दिसत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. स्टुडिओचं कोटेशन ३ लाख १५ हजार, आणि खाली बारीक अक्षरात जीएसटी वेगळा, म्हणजे १८ टक्क्यांनी ५६ हजार ७०० वर. त्यात जुनी फरशी फोडणं नाही, नळाचं काम नाही, चिमणीचा आणि मिक्सरचा पॉइंट नाही, आणि राडारोडा तिसऱ्या मजल्यावरून खाली नेणं तर नाहीच नाही, तो माणूस पोत्याप्रमाणे पैसे घेतो आणि पोती मोजताना आपण समोर उभं राहायचं असतं. पैसे द्यायची पद्धत अर्धे आधी, चाळीस टक्के माल निघताना आणि दहा टक्के काम संपल्यावर. ते शेवटचे दहा टक्के गोड बोलून आधीच मागतात. देऊ नका. मी दिले.

सिंकखालच्या बॉक्सला मात्र मी अडून बसले होते, तिथे मरीन प्लायच (पाण्याला टिकणारं प्लायवूड) पाहिजे, आणि त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का मला दाखवायचा. त्यांनी आधी तिथे पण एचडीएचएमआरच (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) धरलं होतं, "मॉइश्चर रेझिस्टंट आहे मॅम". अगं बाई, दमट हवा वेगळी आणि सिंकचा पाइप गळणं वेगळं. तिसऱ्याच महिन्यात पाइप गळला. प्लायला काही झालं नाही, पण सिंकखालच्या शटरची कडेची पट्टी उकलली, कारण शटर त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच केलं होतं. फोटो पाठवला. "टिकिट रेझ केलंय मॅम." सव्वीस दिवस! सव्वीसाव्या दिवशी एक मुलगा आला, गोंद लावला, वरून सेलोटेप लावला आणि म्हणाला उद्या काढा. काढला, तर पट्टी सेलोटेपबरोबर आली हातात. मग गल्लीतल्या सुताराने दोनशे रुपयात केलं ते, अजून टिकलंय.

रंगांचं चौदा महिन्यांनंतर काय? मोतिया वरची शटरं चिमणीच्या शेजारी थोडी चिकट होतात, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, झालं. शेवाळी मॅट दिसायला एवढी देखणी की विचारू नका, पण तेलकट बोटं! हँडलच्या बाजूला कायम ठसे, फोडणी टाकता टाकता डबा काढला की ठसा. बोटांचे ठसे न धरणारं लॅमिनेट वेगळं मिळतं, महाग पडतं, मी तिथे कंजूषपणा केला. पुन्हा करायचं झालं तर निदान गॅसखालच्या दोन ट्रॉल्यांना तरी तेच घेईन. गॅसमागच्या टाइलच्या जोडांमध्ये पांढरं सिमेंट भरू दिलं ही पण घोडचूकच, तीन महिन्यात हळदीने पिवळं. खाली फरशीच्या जोडांमध्ये राखाडी इपॉक्सी (डाग न धरणारा भरणा) भरलं ते जसंच्या तसं आहे, तेव्हाच वर पण भरून घ्यायला हवं होतं, पण त्या वेळी एकोणीस दिवस किचनशिवाय काढलेले, हॉलमध्ये टीव्हीशेजारी इंडक्शनवर आई पिठलं ढवळत बसायच्या, सगळे एवढे वैतागलेले की मी म्हटलं भरा काय भरायचं ते आणि निघा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा बदल शेवटी दिव्याचा निघाला. ती निळसर पट्टी काढून ४००० केल्विनची लावली, खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि शेवाळी एकदम शेवाळीच दिसायला लागली, भाजी पण भाजीच्या रंगाची दिसते.

फरशीच्या दुकानाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण डिलिव्हरी बिल्डिंगच्या गेटपर्यंतच, वर चढवायचं आपलं आपण, आणि ते आधी सांगितलं नव्हतं. स्टुडिओला अडीच. काम वाईट नाही, ट्रॉल्या मख्खन चालतात, मापं तंतोतंत, ओटा पण माझ्या उंचीला बरोबर, पण पैसे मिळाले की फोन उचलायचा कंटाळा येतो त्यांना. सध्या वरच्या एका शटरची बिजागरी सैल होऊन ते शटर आपोआप उघडतं, नेमकं माझ्या कपाळाच्या उंचीला. परवा फोन केला तर म्हणाले गुरुवारी माणूस येईल. कुठल्या गुरुवारी ते मी विचारायला विसरले.