फॉक्सपी३साठी क्लोन एफजेके-१६एस: आठ महिन्यांनंतर

एफजेके-१६एस हा फॉक्सपी३ या प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीचा एक क्लोन, म्हणजे ठरावीक प्रकार. पहिला महिनाभर मी या अँटिबॉडीला शिव्याच घातल्या. उंदराच्या स्प्लीनमधल्या (प्लीहेतल्या) टी-रेग, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी, मोजायच्या होत्या, आणि फ्लो सायटोमीटरच्या (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्राच्या) प्लॉटवर सगळ्या सीडी४ टी पेशींचा एकच ढीग. पॉझिटिव्ह कुठे संपतं, निगेटिव्ह कुठे सुरू होतं, काही कळेना.

चूक माझी होती. फॉक्सपी३ बसतं पेशीच्या केंद्रकात. मी मात्र काटकसर म्हणून सायटोकाइनसाठी (पेशींच्या संदेश-प्रथिनांसाठी) आणलेला, पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारा सॅपोनिनचा बफरच वापरत होते. त्याने अँटिबॉडी पेशीत शिरते, पण केंद्रकात नीट पोचत नाही. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरसाठीचा (फॉक्सपी३सारख्या, जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांसाठीचा) खास बफर संच आणला आणि त्याच दिवशी सीडी२५च्या (टी-रेगच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या) जोडीने वरच्या उजव्या कोपऱ्यात वेगळा पुंजका दिसला. निरोगी उंदराच्या सीडी४ पेशींपैकी दहा टक्क्यांच्या आसपास. तेव्हापासून आठवड्याला दोनदा तरी वापरते, आणि आकडा उगाच इकडेतिकडे होत नाही.

आता पेलेटचं, म्हणजे फिरवल्यावर तळाशी बसणाऱ्या पेशींच्या थराचं दुखणं. फिक्स केल्यावर (रसायनाने आहेत तशा पक्क्या केल्यावर) पेशी हलक्या होतात आणि तळाशी पांढरा ठिपका जवळजवळ दिसतच नाही. पहिल्यांदा मी सवयीने सुपरनेटंट (वरचं द्रव) झटकलं आणि अर्ध्याहून जास्त पेशी सिंकमध्ये गेल्या. आता फिक्सनंतर सेंट्रिफ्यूजमध्ये ३००ऐवजी ६०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पट) फिरवते, सुपरनेटंट पिपेटने काढते आणि तळाशी थोडं द्रव सोडते. मेलेल्या पेशी ओळखायचा रंगही फिक्स करण्याआधीच द्यायचा आणि तो फिक्सेबलच (फिक्स करूनही टिकणारा) हवा. नंतर डॅपी (डीएनएला चिकटणारा रंग) घातलात तर सगळ्याच पेशी मेलेल्या दिसतील.

मात्रेबद्दल: माहितीपत्रकात दर टेस्टला १ मायक्रोग्रॅमपर्यंत म्हटलंय. मी टायट्रेशन केलं, म्हणजे कमी-जास्त मात्रा करून पाहिल्या. त्याच्या पाव मात्रेतही पुंजका तितकाच सुटा. आयात माल, महिना-दीड महिना वाट बघायची, त्यामुळे हा एक दिवस सत्कारणी लागला. (नवीन लॉट आला की पुन्हा करा. कंटाळा येतो, तरी करा.)

माझी व्हायल पीई (एक चमकणारा रंग) लावलेली आहे. सिग्नल झकास, पण पीई गोठवलं की गेलं. आमच्याकडच्या एका इंटर्नने कौतुकाने ती उणे वीसला ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सगळे नमुने निगेटिव्ह. बिचाऱ्याला वाटलं, उंदरांत टी-रेगच नाहीत. म्हणजे स्कर्फीच की! स्कर्फी या कामाच्या टी-रेग नसलेल्या उंदरांत फॉक्सपी३च्याच जनुकात बिघाड असतो, हे ब्रंकाऊ आणि रॅम्सडेल यांच्या गटाने २००१मध्ये दाखवलं. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि टी-रेग शोधणाऱ्या साकागुचींना मिळाल्यापासून मी दिवसभर काय मोजते ते आईला सांगणं सोपं झालंय.

माणसाच्या रक्तासाठी ही घेऊ नका. तिथे पीसीएच१०१ किंवा २५९डी हे क्लोन बघा. शिवाय माणसाच्या साध्या टी पेशीही उत्तेजित झाल्यावर थोडा वेळ फॉक्सपी३ दाखवतात, त्यामुळे दिसला पुंजका की म्हण टी-रेग, असं तिथे चालत नाही. आणि उंदराला पीसी६१ (सीडी२५ला चिकटणारी अँटिबॉडी) टोचून टी-रेग कमी केल्या असतील, तर सीडी२५ पुन्हा पीसी६१नेच रंगवू नका, जागा आधीच अडलेली असते. त्यासाठी सीडी२५वर दुसऱ्या जागी चिकटणारा ७डी४ क्लोन घ्या.

दुसरी व्हायल मागवली आहे, हाच क्लोन, पीईच. डब्यावर लाल मार्करने ‘फक्त ४ अंश’ लिहून ठेवलंय.