वन नेशन वन सबस्क्रिप्शन, सहा महिने वापरून झाल्यावर

मी तालुक्याच्या एका सरकारी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, सोबत पीएचडी चालूये. आधी एखादा संशोधनाचा पेपर हवा असला की पुण्यातल्या मैत्रिणीला व्हॉट्सॲप करायचं, "अगं ही पीडीएफ काढून दे ना", आणि ती बिचारी रात्री अकराला पाठवायची. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली, म्हणजे पैसे सरकार भरणार आणि सरकारी कॉलेजांना ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स (संशोधनाची नियतकालिकं) वाचायला मिळणार, एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली सगळे आले त्यात, आणि खरं सांगते पहिल्या दिवशी मी नुसती डाउनलोडच करत बसले.

पण आमच्या कॉलेजात हे सुरू व्हायलाच दोन महिने गेले, लायब्ररीत विचारलं तर "मॅडम, पत्र आलंय वाटतं, बघतो", झालं! वायफायचं तर बोलूच नका.

दुसरं म्हणजे पैसा. या योजनेवर सरकारचे तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पेपर आपलेच लोक लिहितात, तेही बरेचदा सरकारी ग्रँटवर, आणि परत वाचायला आपणच पैसे मोजायचे, हे काय मला पटत नाही. देशाचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता, त्यात आमच्या लॅबमधलं रोटरी इव्हॅपोरेटर (द्रावक उडवून पदार्थ वेगळा करायचं यंत्र) कधीचं बंद पडलंय. पेपर वाचून रिॲक्शन करायची कुठे, गॅसच्या शेगडीवर?

खाजगी कॉलेजवाल्यांना पहिल्या टप्प्यात यात घेतलेलं नाही. माझ्याकडून पाचात साडेतीन स्टार. मैत्रीण मात्र खूश आहे, रात्रीची झोप मिळते तिला.