हाती घडवलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आयटी कंपनीतील अठरा वर्षांची नोकरी सोडून पुण्यात घरच्या घरी व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात काचनळी) वापरणारे ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या एका गृहस्थांकडून मी हे यंत्र ५८,००० रुपयांना घेतले. त्यांचा विषय निघाला की लोक आधी राजीनाम्याचे कौतुक करतात. पण राजीनाम्याने आवाज सुधारत नाही, म्हणून मी यंत्राविषयीच लिहितो.

प्रत्येक चॅनेलला स्पीकर चालवणारा एकच ईएल८४ व्हॉल्व्ह आणि त्याच्या आधी क्षीण संकेत वाढवणारा ईसीसी८३ व्हॉल्व्ह, अशी ही सिंगल-एंडेड (शेवटी एकट्या व्हॉल्व्हवर चालणारी), क्लास ए (त्यातला प्रवाह कधीच न थांबणारी) रचना आहे. २५० व्होल्ट आणि ४८ मिलिॲम्पियर, म्हणजे १२ वॅट सतत खर्ची घालून ईएल८४ स्पीकरला जेमतेम पाच वॅट देतो, आणि गाणे थांबले तरी त्याचा खर्च थांबत नाही. मे महिन्यात ही उधळपट्टी खोलीत बसल्या बसल्या जाणवते.

खरी कारागिरी व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. अशा रचनेत त्याच्या प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांतून) डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, प्रवाह अखंड वाहत असल्याने लोखंडी गाभा चुंबकत्वाने संपृक्त होऊ नये म्हणून पत्र्यांमध्ये बारीक फट ठेवावी लागते. फटीमुळे इंडक्टन्स (वेढ्यांचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) घटून खर्ज पातळ होतो, तो सावरायला गाभा मोठा आणि वेढे जास्त घ्यावेत, तर वरचे सूर बोथट होऊ लागतात. यावरचा उपाय म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरीचे (स्पीकरकडच्या वेढ्यांचे) थर एकाआड एक गुंडाळणे. हे काम वेळखाऊ असल्यामुळे अनेक जण बाजारातला तयार ट्रान्सफॉर्मर बसवून मोकळे होतात. हे गृहस्थ तो स्वतः गुंडाळतात, आणि माझ्या मते किमतीतला मोठा भाग तिथेच वसूल होतो.

परीक्षेसाठी मी भीमसेन जोशी यांची एक जुनी एलपी लावली. तानपुऱ्याची जवारी गायकाच्या आवाजामागे वेगळी, सलग ऐकू आली. माझ्या आधीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर ती नुसती गुणगुण वाटे. डग्ग्याचा घुमारा मात्र थोडा सैल आहे. माझे स्पीकर ८८ डेसिबल संवेदनशीलतेचे (एका वॅटमध्ये मीटरभर अंतरावर इतका आवाज देणारे) असल्याने पाच वॅटमध्ये मीटरभर अंतरावर ९५ डेसिबलच्या आसपास मजल जाते, तेव्हा बारा बाय बाराच्या खोलीत ख्याल ऐकणाऱ्याने हे यंत्र जरूर घ्यावे आणि दिवाणखान्यात पार्टी करणाऱ्याने घेऊ नये.

यंत्रासोबत स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचे व्हॉल्व्ह मिळतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून बनवलेल्या व्हॉल्व्हपैकी जुन्या साठ्यातील एक जोडीही त्यांनी ऐकवली. भावनिक ओढ सोडली, तर जादा पैसे मोजण्याइतका फरक मला जाणवला नाही.

तक्रारी दोन आहेत. सहा आठवड्यांत देतो म्हटलेले यंत्र चौदा आठवड्यांनी आले (नोकरीत हा माणूस म्हणे डेडलाइन सांभाळत असे), आणि डाव्या चॅनेलला हलकी घरघर होती. अर्थिंगचा एक जोड बदलून त्यांनी ती माझ्यासमोर पाऊण तासात घालवली. जुन्या पेशाची एक चांगली सवय मात्र टिकली आहे: तळाच्या झाकणाच्या आत प्रत्येक बिंदूवरचे व्होल्टेज लिहिलेला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असतो, त्यामुळे उद्या दुसऱ्या जाणकारालाही दुरुस्ती करता येईल.

घरात लहान मूल असल्यास तापलेल्या व्हॉल्व्हवरची जाळी आधीच मागून घ्यावी. तिचे २,५०० रुपये वेगळे पडतात. ती मूळ किमतीतच असायला हवी होती.