जर्मनीत पदवी, नोकरी आणि कायम वास्तव्य : ब्लू कार्डाच्या २१ महिन्यांचा अनुभव

पुण्याहून अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीत आले आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणाऱ्या १८ महिन्यांच्या परवान्यावर राहत असतानाच मला एका कंपनीचे नियुक्तिपत्र मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये ब्लू कार्ड, म्हणजे युरोपीय संघाबाहेरच्या उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा वास्तव्य परवाना, हाती आले. त्या वर्षी त्यासाठी वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट ४५,३०० युरो होती. नुकतीच पदवी घेतलेल्यांना आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांना ४१,०४१ युरो ८० सेंट पुरत. माझे वेतन या दुसऱ्या मर्यादेच्या थोडेच वर होते, त्यामुळे या सवलतीचे मोल मी चांगलेच जाणते.

ब्लू कार्डावर २७ महिने नोकरी केल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. जर्मन भाषेची बी१, म्हणजे मध्यम, पातळी गाठलेली असेल, तर २१ महिन्यांनंतरच. या सहा महिन्यांच्या फरकासाठी मी संध्याकाळचे वर्ग लावले. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात केलेला पाया उपयोगी पडला, तरी इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात दोन वर्षे घालवल्यामुळे बोलण्याची सवय पार मोडली होती. गोएथे संस्थेच्या बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही भागांत १०० पैकी ६० गुण लागतात, आणि माझे संभाषण पहिल्या वेळी राहिले. नोकरी सांभाळून ही तयारी करणे फार जड जाते. विद्यार्थिदशेतच ही परीक्षा द्यावी, असे मी येथे येणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते. त्या मानाने ‘लेबेन इन डॉइचलांड’ (जर्मनीतील जीवन) ही तिथल्या कायदा व समाजव्यवस्थेवरील ३३ प्रश्नांची चाचणी सोपी आहे; कायम वास्तव्यासाठी त्यांपैकी १५ उत्तरे बरोबर आली तरी पुरते.

माझी खरी चूक महिने मोजण्यात झाली. निवृत्तिवेतन विमा संस्थेकडून मागवलेल्या उताऱ्यात प्रत्येक कालावधीपुढे तारखा, वेतन आणि महिन्यांची संख्या छापलेली असते. त्यात विद्यार्थी असताना केलेल्या अर्धवेळ नोकरीचे महिनेही होते, कारण वेर्कश्टुडेंट म्हणून काम करतानाही निवृत्तिवेतनाचा हप्ता कापला जातो. तेही धरून बेरीज पुरेशी भरली, म्हणून मी मे २०२५ मध्येच, चार महिने वाट पाहून मिळालेल्या टर्मिनला, म्हणजे भेटीच्या ठरलेल्या वेळेला, सगळी कागदपत्रे घेऊन परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेले. समोरच्या बाईंनी पेन्सिलीने त्या ओळींखाली रेघ ओढली आणि शांतपणे सांगितले, की ब्लू कार्डावरील नोकरीचे महिनेच मोजले जातात. त्या म्हणाल्या ते कायद्याला धरूनच होते. मात्र पुढची टर्मिन मिळवताना ईमेलला आठवडेच्या आठवडे उत्तर न येणे, ही त्या कार्यालयाची गोष्ट मला आजही खटकते.

२१ महिने भरल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा अर्ज केला. भाडेकरार, नव्या वेतनचिठ्ठ्या, नोकरी चालू असल्याचे मालकाचे पत्र आणि विम्याचा ताजा उतारा जोडला, आणि या वेळी एकही कागद परत आला नाही. ब्लू कार्डाच्या पहिल्या वर्षात नोकरी बदलायची झाल्यास कार्यालयाला कळवावे लागत होते आणि कार्डासोबतच्या पुरवणी पानावर कंपनीचे नाव छापलेले होते. कायम वास्तव्याच्या नव्या कार्डावर फक्त एवढेच लिहिले आहे, की कोणताही रोजगार वा व्यवसाय करण्यास परवानगी आहे.