बॅटलआय आल्यानंतरचा जीटीए फाइव्ह: मॉड टाकणाऱ्याच्या खुर्चीतून

२०१३ साली कन्सोलवर आणि एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर आलेल्या गेमबद्दल आता नव्याने काय सांगायचं? त्यातला ट्रेव्हर किती माथेफिरू आहे हे सगळ्यांना पाठ आहे. मे २०२० मध्ये एपिकच्या ऑनलाइन गेम-दुकानाने हा गेम फुकट वाटला तेव्हा लॉकडाउनमध्ये घरी अडकलेल्या कितीतरी पोरांनी तो एका रात्रीत खात्यात जमा करून घेतला (एपिकची साइट त्या दिवशी आडवी झाली होती, आठवतंय ना?). तेव्हा हा गेमचा रिव्ह्यू नाही. १७ सप्टेंबर २०२४ ला गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने जीटीए ऑनलाइनच्या (याच गेमचा अनेकांनी मिळून खेळायचा भाग) पीसी आवृत्तीला बॅटलआय हे अँटी-चीट, म्हणजे चीटर पकडणारा प्रोग्राम, जोडलं. त्यानंतर बरेच महिने मी हा गेम तिन्ही प्रकारे खेळतोय: मॉड (चाहत्यांनी बनवलेल्या गाड्या, स्क्रिप्ट आणि इतर फेरफार) टाकून एकट्याने, ऑनलाइन, आणि फाइव्हएमवर (खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर गेम खेळू देणारा प्रोग्राम) रोलप्ले, म्हणजे एखादं पात्र वठवत खेळणं. पीसी एकच. चीटरांना हाकलताना मॉडवालेही एकाच माळेचे मणी म्हणून बाहेर काढले जातात का, एवढंच मला बघायचं होतं.

आधी रोजच्या वापराचं. रॉकस्टार लाँचरच्या सेटिंगमध्ये बॅटलआयसमोर एक खूण असते. ती काढली की ऑनलाइन बंद, स्टोरी मोड (एकट्याने खेळायचा भाग) चालू, आणि स्टोरी मोडमध्ये तुम्ही काय मॉड टाकता याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. खूण परत केली की ऑनलाइन चालू, पण मॉड गुंडाळून ठेवायचे. दर वेळी ही उठाठेव नको म्हणून मी दोन प्रती ठेवल्यात. मार्च २०२५ मध्ये पीसीसाठी एन्हान्स्ड आवृत्ती आली, जुन्या मालकांना फुकट, आणि जुनी ‘लेगसी’ नावाने वेगळी राहिली. लेगसी मॉडसाठी आणि फाइव्हएमसाठी, एन्हान्स्ड ऑनलाइनसाठी. दोन्ही मिळून दोनशे जीबीच्या वर जागा खातात. एसएसडी लहान असेल तर हा प्रकार झेपणार नाही, हार्ड डिस्कवर टाकला तर लोडिंग होईपर्यंत चहा होतो.

आता मॉड. माझा एक मित्र कोल्हापूरचा, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये गाड्या बनवतो. त्याच्या एका जीपचं मॉडेल मी किती तरी दिवस गेमच्या लॉस सँटोस शहरात फिरवतोय. गाडी आत घ्यायची म्हणजे ओपनआयव्ही या गेमच्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘मॉड्स’ नावाचा वेगळा फोल्डर करायचा, मूळ फाइलची नक्कल त्यात ठेवायची, गाडीचा फोल्डर डीएलसीपॅक्समध्ये टाकायचा आणि डीएलसीलिस्ट नावाच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवायची. एक कंस चुकला की गेम लोडिंगलाच गळपटतो. एवढं करून गाडी आली तरी नंबरप्लेटचं काय? गेममध्ये प्लेटवर आठच अक्षरं मावतात. एमएच ०९ पासून सुरू होणारा आपला नंबर होतो दहा अक्षरांचा. मित्राने मग नंबर थेट गाडीच्या टेक्स्चरवरच (मॉडेलवर चढवलेल्या चित्रावरच) रंगवला. त्यामुळे रस्त्यावर अशा दोन जीपा आल्या तर दोन्हींचा नंबर एकच. आरटीओ नाही म्हणून निभावतंय.

दुसरी गंमत स्टिअरिंगची. जीप आपली, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. गेममधली वाहतूक अमेरिकन, म्हणजे रस्त्याच्या उजव्या बाजूने. आतला कॅमेरा लावून ओव्हरटेक करायला गेलं की समोरचं काही दिसतच नाही. ट्रकच्या मागून डोकं काढायचं तर अख्खी जीप बाहेर काढावी लागते. मित्राला म्हटलं, स्टिअरिंग डावीकडे कर. तो म्हणाला, मग ती आपली जीप कसली? हा वाद अजून मिटलेला नाही.

या सगळ्याच्या मुळाशी स्क्रिप्ट हुक व्ही नावाची लायब्ररी आहे. अलेक्झांडर ब्लेड या नावाने वावरणारा एक जण ती लिहितो. गेमला मोठं अपडेट आलं की ती चालेनाशी होते, ‘अननोन गेम व्हर्जन’ असा निरोप येतो आणि नवी आवृत्ती येईपर्यंत गप्प बसायचं. जगभरातले स्क्रिप्ट मॉड त्या एका माणसाच्या सवडीवर उभे आहेत, कारण रॉकस्टारने मॉडसाठी स्वतःचं हत्यार (म्हणजे टूल) कधी दिलंच नाही. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: ही लायब्ररी ऑनलाइन चालत नाही. ती लावलेली असताना ऑनलाइनमध्ये शिरायला गेलात तर ती गेमच बंद करते. म्हणजे मॉड आणि ऑनलाइन यांच्यामधली भिंत मॉडवाल्यांनी स्वतः बांधली, आणि ती बॅटलआयच्या कितीतरी वर्षं आधी.

तरीही २०१७ च्या जूनमध्ये रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टूने नोटीस पाठवली ती ओपनआयव्हीला. कारण सांगितलं की अशा हत्यारांमुळे ऑनलाइनमध्ये लोकांना त्रास देणारे मॉड बनतात. ओपनआयव्हीवाले म्हणत होते, आमचं हत्यार ऑनलाइनला हातच लावत नाही. लोक इतके भडकले की स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला, आणि त्याच महिन्यात रॉकस्टारने जाहीर केलं की पीसीवरचे, एकट्याने खेळायचे, पैसे न कमावणारे मॉड असतील तर साधारणपणे कारवाई होणार नाही. ओपनआयव्ही परत आलं. नोटीस दिली त्यांना, जे नाव लावून उघड काम करत होते. पैसे घेऊन चीट मेनू विकणारे मात्र लपूनछपून विकतच राहिले.

ऑनलाइनमध्ये चीटर एवढे माजले कशामुळे, हे बघितलं तर दोष ओपनआयव्हीचा नव्हता हे कळतं. सेशनमध्ये तीस जण असतात आणि त्यांचे पीसी एकमेकांशी थेट बोलतात. पंच नसलेलं गल्ली क्रिकेट आहे ते: बॅट्समनच सांगतो, मी आउट नाही, आणि बाकीच्यांनी मानायचं. एखाद्याचा पीसी म्हणाला की तुझ्या डोक्यावर पैशांच्या पिशव्या पडतायत, तर त्या पडतात. म्हणाला की तू पिंजऱ्यात आहेस, तर आहेस. जानेवारी २०२३ मध्ये तर पीसीवर अशी एक फट सापडली की तिच्यातून दुसऱ्याच्या खात्यातले आकडे बदलता येत होते, खातं खराब करता येत होतं. ती बुजवायला अपडेट काढावं लागलं.

बॅटलआयने फरक पडला का? माझ्या अनुभवात पडला, आणि चांगला पडला. पब्लिक सेशनमध्ये माल विकायला निघालं आणि आकाशातून रणगाडे कोसळले, हे प्रकार जवळपास थांबलेत. उरलेत ते शहाणे चीटर: भिंतीपलीकडचं दिसणारे, नेम आपोआप लागणारे. ते ओळखू येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून निदान खेळ मोडत नाही. बंद झाले असं मी म्हणणार नाही.

पण याची किंमत आहे, आणि ती चीटर भरत नाही. बॅटलआय विंडोजच्या अगदी आतल्या थरात, कर्नलमध्ये ड्रायव्हर बसवून पहारा देतं. आमच्या घरात पीसी एकच. सकाळी त्यावर बायकोच्या ऑफिसचं काम, रात्री माझा गेम. तिने एकदा शांतपणे विचारलं की हे रात्रीचं जे काही आहे ते माझ्या ऑफिसच्या फाइल वाचू शकतं का? वाचत असेल असं मला वाटत नाही, पण एवढ्या आत बसलेल्या प्रोग्रामबद्दल छातीठोकपणे ‘नाही’ म्हणता येत नाही. शेवटी तिच्यासाठी वेगळा लॅपटॉप घेतला. दुसरी किंमत लिनक्सवाल्यांनी भरली. बॅटलआय लिनक्सवर प्रोटॉनमधून (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं, गेम कंपनीने परवानगी दिली तर. रॉकस्टारने ती दिली नाही, आणि स्टीम डेकवर (लिनक्सवर चालणारा हातात धरायचा पीसी) वर्षानुवर्षं ऑनलाइन खेळणारे एका दिवसात बाहेर. त्यांनी काय चीट केलं होतं?

इथे २०२१ ची एक गोष्ट आठवतेच. ऑनलाइन लोड व्हायला पाच-सहा मिनिटं लागायची आणि सगळे इंटरनेटला शिव्या घालायचे. बाहेरच्या एका प्रोग्रामरने, टोपणनावाने, गेम उकलून बघितला. दहा एमबीची, सुमारे ६३ हजार वस्तूंची एक यादी गेम इतक्या वेंधळेपणाने वाचत होता की सगळा वेळ तिथेच जात होता. त्याने स्वतःपुरता उपाय केला आणि लोडिंगचा वेळ ७० टक्क्यांच्या आसपास खाली आणला. रॉकस्टारने ते मान्य केलं, त्याला दहा हजार डॉलर बक्षीस दिलं आणि मार्चमध्ये दुरुस्ती सगळ्यांना मिळाली. आता विचार करा: गेमच्या चालू प्रोग्राममध्ये हात घालून बघणारा हा माणूस अँटी-चीटच्या नजरेतून कोण दिसला असता? चीटरच. आज बॅटलआय असताना तो हे करायला गेला असता तर आधी खातंच बंद झालं असतं.

फाइव्हएमची कहाणी मात्र वेगळ्या वळणाने गेली. २०१५ मध्ये रॉकस्टारने त्याला चाचेगिरीला मदत करणारा अनधिकृत प्रकल्प म्हटलं, त्याच्या मागच्या लोकांची खाती बंद केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये रोलप्ले सर्व्हरना अटींसह परवानगी मिळाली. क्रिप्टो, एनएफटी आणि लूट बॉक्स (पैसे देऊन नशिबाने काय निघेल ते घ्यायचे डबे) चालणार नाहीत असं बजावलं. ऑगस्ट २०२३ मध्ये फाइव्हएम बनवणारी टीमच रॉकस्टारने विकत घेतली. आठ वर्षांत चाचे ते कर्मचारी.

खेळायला फाइव्हएम मला सगळ्यात निवांत वाटतो, आणि तिथे बॅटलआय लागतच नाही. कोणती गाडी, कोणता नकाशा, कोणती स्क्रिप्ट हे सर्व्हर ठरवतो आणि आत येणाऱ्याला तेच उतरवून देतो. पैशाचा हिशोबही सर्व्हरवरच, त्यामुळे माझ्या पीसीने काहीही बडबड केली तरी खिशात रुपया वाढत नाही. बहुतेक भारतीय सर्व्हरवर अर्ज भरून, कधी आवाजी मुलाखत देऊन आत यावं लागतं. मुंबईत होस्ट केलेला सर्व्हर असेल तर पिंगही झकास. चीट करणारा इथेही घुसतो, पण अ‍ॅडमिन जागा असतो आणि तासाभरात त्याला बाहेरची वाट दाखवतो.

अर्थात अ‍ॅडमिन म्हणजे माणूस. एका सर्व्हरवर (नाव सांगत नाही) माझ्या मित्राला ‘चीट’ म्हणून कायमचं काढलं, कारण त्याची जीप खूप वेगाने पळाली. जीप त्या सर्व्हरचीच होती, वेगाचा आकडा त्यांच्याच फाइलमध्ये चुकला होता. अपील केलं तर उत्तर आलं, ‘निर्णय अंतिम आहे भाऊ’. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या सर्व्हरवर. तरी मला हे परवडतं. तिथे मला काढणारा माणूस दिसतो, दुसरा सर्व्हर असतो, आणि माझा बाकीचा गेम शाबूत राहतो.

बॅटलआय आणि मॉड एकत्र नांदूच शकत नाहीत असं कुणी म्हणालं तर त्याला आर्मा दाखवा. बोहेमिया इंटरॅक्टिव्हच्या आर्मा गेममध्ये वर्षानुवर्षं हेच बॅटलआय आहे आणि मॉडही ढिगाने आहेत. तिथे मॉड बनवणारा आपल्या फाइलवर डिजिटल सही करतो, सर्व्हरवाला ज्यांच्या सह्या मान्य त्यांच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवतो, बाकीचे मॉड घेऊन आलेल्याला प्रवेश नाही. डेझी हा गेम आधी तिथलाच मॉड, आणि पबजीची कल्पनाही ब्रेंडन ग्रीनने आधी आर्माच्या मॉडमध्येच घडवली. आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार) खेळणाऱ्या पोरांच्या मोबाइलपर्यंत ती वाट येते.

म्हणून माझं रॉकस्टारकडे मागणं साधं आहे. भिंत घातलीत, बरोबर केलंत; स्टोरी मोडची खूण कायम ठेवा. पण भिंतीच्या अलीकडच्या लोकांना काहीतरी द्या: फाइलींची कागदपत्रं, अपडेटच्या आठवडाभर आधी सूचना, जुन्या आवृत्तीवर थांबायची सोय. याला खर्च आहे, मान्य. मॉडमुळे बिघडलेल्या गेमच्या तक्रारी कंपनीच्या सपोर्टकडेच येतात, परवान्याशिवाय बनवलेल्या खऱ्या ब्रँडच्या गाड्यांचा कायदेशीर घोळ आहे, आणि स्टोरीमध्ये फुकट मिळणारी गाडी ऑनलाइनमध्ये शार्क कार्डाच्या (खरे पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन) पैशाने विकायची असते. हे शेवटचं कारण कुणी मोठ्याने सांगत नाही. माझ्या मते मॉडला उघड हात न देण्यामागे सगळ्यात जड तेच आहे.

आता घ्यायचा विचार असेल तर: फक्त ऑनलाइन खेळणार असाल तर एन्हान्स्ड घ्या, डोळे झाकून. मॉडसाठी लेगसी ठेवा, जुनी हत्यारं आणि जुन्या गाड्या अजून तिथेच धड चालतात. लाँचरमधलं आपोआप अपडेट बंद करा, मूळ फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा, आणि कुठलाही मॉड डाउनलोड करताना आत इन्स्टॉलर निघाला तर तिथेच थांबा. साध्या गाडीच्या मॉडला इन्स्टॉलर लागत नाही. स्टीम डेकवाल्यांनी स्टोरी मोडपुरताच विचार करावा. आणि उजव्या स्टिअरिंगची जीप घेणार असाल तर कॅमेरा बाहेरचा लावा.